थोरलीचं अभ्यंगस्नान

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या गल्लीत पहिली आंघोळ मोटरसायकलची व्हायची. तिच्यानंतर म्हशीची, मग ज्ञानूतात्यांची, आणि बंबात पाणी उरलं तर पारूकाकींची. हा क्रम मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. मोटरसायकल अंगणात स्टँडवर उभी करायची, भोवती रांगोळी काढायची, टाकीला आणि मडगार्डला कोमट तेल चोळायचं, वर उटणं. कढत पाण्याचे तीन तांबे झाले की पुढच्या चाकाखाली कारीट ठेवून गाडी हातभर पुढं ढकलायची. कारीट फुटलं की तात्या 'गोविंदाऽ' म्हणून ओरडायचे आणि अर्धी गल्ली जागी व्हायची.

मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. मूळचा गडहिंग्लजकडचा. नव्वदच्या आसपास बदली होऊन कोल्हापुरात आलो आणि तात्यांच्या गोठ्यासमोरच भाड्यानं खोली घेतली. पहिल्याच दिवाळीत हा प्रकार पाहून मी विचारलं, "काय तात्या, गाडी बिघडली काय?"

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मास्तर, सणाची आंघुळ हाय ही. तुमची झाली का?"

माझी झाली नव्हती. मी मुकाट्यानं आत गेलो.

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकाला इथं थोडं सांगायला हवं, नाहीतर तात्या त्याला वेडे वाटतील. (आम्हालाही वाटायचे, पण कारण कळून वाटायचे.) दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशींची मिरवणूक निघते. शिंगांना रंग, कपाळावर मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत घुंगरू. म्हशीचा मालक पुढं मोटरसायकलवर. सायलेन्सरची पुंगळी काढलेली, म्हणजे गाडी नुसती बोंबलत असते. दुसरं कुठलं जनावर त्या आवाजानं गाव सोडून पळून जाईल. आमची म्हैस त्या आवाजाच्या मागं पळते. शंभर गाड्यांच्या गदारोळात ती आपल्या मालकाची गाडी ओळखते आणि जवळ पोचली की मागच्या दोन पायांवर उभी राहते. हे बघायला लोक तास तास उन्हात उभे असतात. मी आवाजाचा शत्रू. पण मीसुद्धा जायचो.

बाकीचे मालक म्हैस सजवायचे आणि गाडीला फार तर एक हार घालायचे. तात्यांचं तसं नव्हतं. त्यांच्या घरी मोटरसायकलचं नाव थोरली आणि म्हशीचं धाकली. गाडी आधी घरात आली म्हणून ती थोरली. धाकली त्याच गोठ्यात जन्मली आणि तिसऱ्या दिवशी तिची आई गेली. थंडीचे दिवस होते. संध्याकाळचा रतीब घालून तात्या आले की गाडी गोठ्यात लावायचे आणि ते पोरकं रेडकू गरम इंजिनाला पाठ लावून झोपायचं. "माय न्हवती," तात्या सांगायचे, "थोरल्या भैणीनं वाढवलं तिला." हे सांगताना ते अजिबात हसायचे नाहीत, त्यामुळं ऐकणाऱ्यालाही हसता यायचं नाही.

म्हणून सजावट दोघींना एकसारखी. धाकलीच्या गळ्यात कवड्या, तशा थोरलीच्या हेडलाइटला. धाकलीच्या कपाळावर तुरा, तसा थोरलीच्या हँडलवर. पाठीवर झूल, सीटवर झूल. एका वर्षी पारूकाकींनी चुकून एकच नवी झूल शिवून घेतली. तात्यांनी ती घडीसुद्धा मोडली नाही. "एकीला नवी, एकीला जुनी? थोरलीला काय वाटंल?"

काकी माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बघितलासा? ह्या घरात मी तिसरी हाय मास्तर. आन तिसरीला कवड्याबी न्हाईत."

मी चित्रकलेचा मास्तर निघालो हे कळल्यावर माझी सुटका नव्हती. "टाकीला कंचा रंग मारायचा ते सांगा," तात्या म्हणाले. मी मोठ्या हौसेनं रंगसंगतीवर बोललो. म्हैस काळी, तेव्हा गाडीला फिकट निळा शोभेल, त्यावर पांढऱ्या वेली. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडचे रंगीत कागद मागितले. मग गोठ्यात जाऊन एकेक कागद धाकलीच्या तोंडासमोर धरला. निळा हुंगून ती शिंकली. पिवळ्याकडं तिनं मान फिरवली. भडक गुलाबी कागद मात्र तिनं तात्यांच्या हातातून ओढून खाल्ला.

"पास!" तात्या म्हणाले.

"अहो, तिला भूक लागली असेल," मी म्हणालो.

"भूक लागलेली तर निळा का न्हाई खाल्ला?"

मी गुलाबी रंगाचा डबा आणायला गेलो. पुढं कितीतरी दिवाळ्या मी, फळ्यावर रंगांचं चक्र काढून शिकवणारा माणूस, गल्लीच्या तोंडाशी उकिडवा बसून ती टाकी भडक गुलाबी रंगवत होतो. एकदा आमचे हेडमास्तर तिथून गेले. त्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगचा पडदा रंगवायचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं.

थोरलीची एक खोड होती. पहिल्या दोन किकना ती हूं की चूं करायची नाही. मग तात्या खाली वाकायचे, हेडलाइटशी तोंड नेऊन म्हणायचे, "चल गं बाई, लोकं बघत्यात." तिसऱ्या किकला गाडी सुरू. मी त्यांना समजावलं की यात बोलण्याचा काही संबंध नाही, तेवढ्यात पेट्रोल उतरत असणार. "मग मारा तुमी," ते म्हणाले. मी अकरा किका मारल्या. नडगी सोलून निघाली. तात्यांनी मला बाजूला केलं, "चल गं बाई" म्हणाले, आणि ती बया पहिल्या किकला सुरू झाली. तेव्हापासून मी यंत्रांविषयी कुणाला काही सांगत नाही.

नवं शतक लागलं आणि तात्यांच्या भावांनी ती जागा बिल्डरला द्यायची ठरवली. जागा सगळ्यांची, घर पडायला झालेलं, भावांच्या मुलांची लग्नं खोळंबलेली. त्यांचंही चुकत नव्हतं. चार मजली इमारत होणार, तात्यांना दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळणार. बिल्डरनं नकाशा पसरला तेव्हा साक्षीला म्हणून मीही होतो.

"हे खाली पार्किंग," तो म्हणाला.

"थोरलीचं झालं," तात्या म्हणाले. "धाकलीचं कुठं?"

"दुसरी गाडी आहे का? चारचाकी?"

"म्हस हाय."

बिल्डर हसला. कुणीच हसत नाही हे पाहून थांबला. म्हशीला पार्किंग मिळत नाही हे तात्यांना पटायला महिना गेला. त्या महिन्यात ते कागदावर सही करायला बसायचे आणि पेन ठेवून वैरण टाकायला उठायचे. अखेर सही झाली. इमारत उभी राहीपर्यंत दोघींना माझ्या घरमालकाच्या परसात तात्पुरता आसरा मिळाला; खोल्यांचा ताबा मिळाल्यावर धाकली वडणग्याला, काकींच्या भाच्याकडं द्यायची ठरली. सर्जेराव त्याचं नाव. पोरगा सरळ, गोठा ऐसपैस, दारात हौद. तात्यांनी तिला स्वतः चालवत नदीपलीकडं नेलं. मी विचारलं, गाडीवरनं का नाही गेलात? म्हणाले, "गाडी नेली आस्ती तर परत माझ्याच मागनं घरला आली आस्ती की. मग परत कुठं सोडायचं तिला?"

त्या वर्षी दिवाळीच्या आधी सर्जेराव तात्यांकडं आला. मी तिथंच चहा पीत होतो. पोरगा रडकुंडीला आलेला.

"मामा, म्हस माझ्या गाडीमागं यीना. पाठ करून हुबी ऱ्हाती. वैरण निम्मी तशीच. काशेला हात लावू दीना. मामा, आसंच चाललं तर मला बाजार दाखवाय लागंल हो तिला."

बाजार हा शब्द ऐकून काकी आतून बाहेर आल्या. तात्या मात्र भडकले. "तुझी गाडी आवाज करती का शिंकती? म्हस काय पळंल तिच्यामागं! जा, कपाळ खाजव तिचं, गोड बोल, गाडीला गुलाबी रंग दे!" सर्जेरावनं ते सगळं केलं. काही उपयोग झाला नाही. पाडव्याला एवढ्या लोकांसमोर ती पळाली नाही, तर पोराचा धीर सुटणार आणि धाकली कुठल्या अनोळखी दावणीला जाणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

चतुर्दशीला थोरलीची आंघोळ नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये झाली. वॉचमन तोंड उघडं टाकून बघत होता. त्या दिवशी तेल चोळण्यात तात्यांनी फार वेळ घालवला. "मास्तर, टाकीला नवा हात मारा," म्हणाले. मी मारला. हँडलला तुरा, हेडलाइटला कवड्या, सीटवर झूल, काही म्हणजे काही सोडलं नाही. माझी खात्री झाली की म्हातारा म्हैस परत आणायला निघालाय. खरं सांगतो, मला आनंद झाला. ती कुठं बांधायची हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही.

पाडव्याला नदीकाठी ही गर्दी. सर्जेरावनं गाडी रेटली. आवाज दणदणीत होता, तात्या उगीच बोलले होते. धाकली सजून उभी, पण हलली नाही. त्यानं दोनदा फेरी मारली. लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "फोटोला आणलीय काय रं?" सर्जेरावचा चेहरा बघवत नव्हता.

तेव्हा माझ्या शेजारी तात्यांनी पहिली किक मारली. दुसरी मारली. मग वाकले. "चल गं बाई, लोकं बघत्यात."

थोरली बोंबलली आणि धाकलीचे कान उभे राहिले. दाव्याला धरून दोन गडी होते, दोघेही फरपटले. ती गर्दी फोडून आली, गाडीसमोर मागच्या दोन पायांवर अशी उभी राहिली की मोरपिसं माझ्या डोक्यावरून गेली, आणि खाली आल्यावर तिनं हनुवटी हेडलाइटवर टेकली. गर्दीनं शिट्ट्यांनी रान उठवलं. "न्या तात्या, घरला न्या!" लोक ओरडत होते. मीसुद्धा ओरडत होतो. लाज कसली त्यात?

तात्यांनी तिचं कपाळ खाजवलं. मग सर्जेरावला हाक मारली. "बस माझ्या मागं."

पहिली फेरी तात्या पुढं, सर्जेराव मागं. धाकली डौलात मागोमाग. दुसऱ्या फेरीला तात्यांनी जागा बदलली. सर्जेराव पुढं, तात्या मागं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. धाकली पळाली. तिसऱ्या फेरीला तात्या उतरले.

गाडी निघाली. धाकली चार पावलं गेली आणि थांबून मागं वळून बघायला लागली. तात्या तिच्याकडं पाठ करून माझ्याशी बोलायला लागले, काय बोलत होते ते त्यांनाही कळत नसावं. थोरलीचा आवाज लांब जायला लागला तशी धाकली फिरली आणि त्या आवाजाच्या मागं पळत सुटली. सर्जेरावसमोर ती दोन पायांवर उभी राहिली तेव्हा तात्यांनी पाहिलं. डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

सर्जेराव गाडी परत करायला आला. तात्यांनी किल्ली घेतली नाही.

"थोरलीबी ने. भैणी-भैणीची ताटातूट करू ने."

मला राहवलं नाही. "अहो तात्या, गाडी कशाला? गाडी तरी राहू द्या तुम्हाला."

"मी वर दुसऱ्या मजल्यावर, मास्तर," ते म्हणाले, "आन ती खाली एकटी. तिकडं दोघी तरी हुतील."

आम्ही चालत परत निघालो.  गल्लीच्या तोंडाशी तात्या एकदम थांबले आणि कपाळावर हात मारला. "बोंबला! तिसऱ्या किकंचं सांगायचंच ऱ्हायलं की त्याला."

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. बहिणी यायच्या आत तात्या वडणग्याला जाऊन ते सांगून आले. पुढच्या आठवड्यात, स्टँड लावताना गाडी कुठल्या अंगाला कलती ठेवायची ते सांगायचं राहिलं होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात, धाकलीला गूळ कुठल्या हातानं द्यायचा ते. "आवं, एका दमात काय ते लिवून द्या की त्याला," काकी म्हणायच्या, आणि म्हणता म्हणता तात्यांच्या हातात भाकरी आणि गुळाचं गाठोडं द्यायच्या. धाकली बाजारात गेली नाही. दूध द्यायला लागली, अंगानं भरली.

आता दर नरकचतुर्दशीला पहाटे तात्या माझं दार वाजवतात. हातात तेलाची वाटी, उटण्याची पुडी, खिशात दोन कारिटं. "चला मास्तर. कारीट कंच्या चाकाखाली ठिवायचं ते पोराला सांगायचं ऱ्हायलंय." मी बिनआंघोळीचा तसाच निघतो.

कारीट पुढच्या चाकाखाली ठेवायचं हे सर्जेरावला पहिल्याच वर्षी कळलं आहे. पण पाणी तापवून, रांगोळी काढून तो दारात आमची वाट बघत उभा असतो, आणि आम्ही दिसलो की दर वर्षी विचारतो, "मामा, पुढच्या का मागच्या?"