माकुलाचा ओलावा

जगातली कोणतीच वस्तू आहे तेवढी भरत न्हाई. किती भरली हे घेणारा ठरवतो. तीर्थपुरीच्या बाजारात हे पोरासोरांनाही कळतं. विज्ञानाला मात्र दोन हजार आठ साल उजाडेपर्यंत कळलं नव्हतं.

त्या साली वरून हुकूम आला की प्रत्येक शाळेनं सागरी जीवांचा कोपरा उभारावा. (तीर्थपुरीहून समुद्र एका रात्रीच्या एसटीवर. हुकमाला एसटी लागत न्हाई.) काम आलं सर्जेराव सरांकडं. सर तीन वर्षांपासून तात्पुरते. तीन भरली की कायम, असा नियम. अन् त्या कागदावर सही संस्थेचे अध्यक्ष तातेरावशेठची. शेठची बाजारात आडत, सोयाबीन-कापसाची.

सरांनी जीव ओतून भिंतीवर माकुलं रंगवली, खाली मापं लिहिली. माकूल म्हंजी समुद्रातला बिनहाडाचा जीव, आठ हात अन् दोन लांब सोंडा. सगळ्यात लहान जात नखाएवढी, वजनाला ग्रॅमभर न्हाई. राक्षसी माकूल लांबीला बारा मीटर, म्हंजी एसटीच. अन् महाकाय माकूल लांबीनं त्याच्याहून कमी, पण वजनाला जवळपास पाच क्विंटल.

कोपरा बघायला आलेल्या शेठनं चष्मा वर केला.

"पाच क्विंटल? ओलं का वाळलेलं?"

"पाण्यातला जीव हाय, शेठ. ओलाच असणार."

"मंग ओलावा कापला का?"

"न्हाई."

"सर, तुम्ही शिकवून राह्यले का लुटून राह्यले?"

शेठ न्यायाचा माणूस. सोयाबीनच्या पोत्याला जी कपात, तीच माकुलाला; देशी-परदेशी असा भेद त्यांनी कधी केला न्हाई. ओलाव्याचे चार क्विंटल गेले. पोटातली शाई कचऱ्यात धरली, तोंडाची चोच खड्यात, कातडी बारदान्यात, म्हंजी पोत्याच्या वजनात. महाकाय माकूल उरलं चाळीस किलो, राक्षसी वीस. राहिली नखाएवढी जात. मालातून मूठभर नमुना काढायचा रिवाज हाय. ती अख्खी जात नमुन्यातच गेली. भिंतीवरून पुसा, म्हणाले.

सर घरी येऊन जेवले न्हाईत. बायको, नंदाबाई, म्हणाली, "टाका की शेठ म्हणतेत तसं. माकूल काय तक्रार घिऊन तीर्थपुरीला यायलंय व्हय?"

सरांनी आकडे बदलले.

तपासणीला साहेब आले. अंतरवालीकडचे, घरी कापूस. चाळीस किलो वाचून थबकले.

"ओलावा किती धरला?"

"शंभराला ऐंशी," शेठ म्हणाले.

"बराबर हाय." शेरा पडला: उत्तम.

दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यात सरांनी शेठपुढं कागद ठेवला. "शेठ, तीन वर्षं भरली."

शेठनं मायेनं बसवलं, चहा सांगितला. मंग सरांची तीन वर्षं तोलायला घेतली. उन्हाळ्याच्या सुट्ट्या म्हंजी ओलावा. रविवार अन् सणवार, कचरा. पहिलं वर्ष तर नुसता नमुना.

"सव्वा वर्ष भरलं, सर. बाकीचं आणा भरून."

सरांनी बोलायला तोंड उघडलं. समोर भिंतीवर त्यांच्याच हातचं माकूल, चाळीस किलोचं. सरांनी चहा उचलला.

तुम्ही हसून राह्यले, हसा बिलकुल. पण मागच्या हंगामात सोयाबीन घिऊन गेल्ता, आडत्यानं तुमच्या पोत्यातून मूठ भरून नमुना काढला अन् परत टाकला न्हाई, तवा तुम्हीबी चहाच पेले.