अण्णांची गुलाबी माती

लोहाऱ्यात आमच्या शेजारी राहणारे दत्तूअण्णा वाटेत कुणालाही अडवून विचारतात, "मातीचा रंग कोणता?" आपण काळा म्हटलं की ते अशा किवेनं बघतात, की घरी जाऊन आरशात तोंड बघावंसं वाटतं.

अण्णा चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या बैठकीत एका फ्रेंच चित्रकाराच्या चित्राची छापील प्रत टांगलेली आहे. हा गृहस्थ देश सोडून दूरच्या समुद्रातल्या बेटावर जाऊन राहिला आणि तिथला देखावा त्यानं रंगवला: गुलाबी वाट, निळी झाडं, शेंदरी कुत्रं. मी एकदा कुत्र्याबद्दल शंका काढली, तर तासभर सुटका झाली नाही. "नीट बघा की," हे अण्णांचं पालुपद.

गाव हसायचं, त्याचं अण्णांना काही नव्हतं. पण बायकोनं, सुमनकाकूंनी, एकदा तरी 'खरंय' म्हणावं, एवढ्यासाठी त्यांचा जीव अडला होता. शेत काकूच बघायच्या. चित्राखालून झाडू मारत जाताना विचारायच्या, "गुलाबी मातीत पिकतं काय, ते तरी सांगा."

यंदा येळवशीला त्यांनी मला शेतात जेवायला बोलावलं. या अमावास्येला आमच्याकडं घराघरातली माणसं शेतातच जेवतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, आत पाच दगडांचे पांडव चुन्यानं रंगवून मांडायचे, पूजा झाली की पालेभाज्या-शेंगांची घट्ट भज्जी आणि ताकातलं आंबिल. चुना लावायचं काम काकूंनी अण्णांना सांगितलं, इथंच चुकलं. त्या पूजेला वाकल्या तर धर्मराज निळा, अर्जुन पिवळा आणि भीम साक्षात गुलाबी.

काकूंनी आवाज चढवला नाही. पांडव धुऊन येईपर्यंत कुणाला ताट मिळणार नाही, एवढंच सांगितलं. विहिरीवर अण्णा घासतायत, मी पाणी ओततोय, पोटात कावळे ओरडतायत. बाकीचे निघाले, भीम काही निघेना. शेवटी त्याच्यावर चुन्याचे दोन हात मारले, तरी गडी आतून लाजल्यासारखा दिसत होता. जेवताना अण्णांनी मान वर केली नाही. मला त्यांची फार दया आली, भज्जी मात्र मी पुन्हा मागून घेतली.

दिवस मावळताना रिवाजाप्रमाणे पेटती पेंढी घेऊन शेताला फेरी घालायला निघालो. पुढं काकू, मागं अण्णा. करडईपलीकडं सूर्य टेकला होता, नांगरलेल्या तुकड्यावर धूर पसरला होता. काकू एकाएकी थांबल्या.

"अवं, हिकडं या. माती बघा."

ढेकळं गुलाबी झाली होती. बांधावरची बाभळ निळी. मीही पाहिली.

"तुमच्या बेटावानी झालंय की," काकू म्हणाल्या. "खरंय तुमचं."

आता अण्णा गर्जणार म्हणून मी तयारीत होतो. ते बांधावर खाली बसले. रुमालानं आधी चष्मा पुसला, मग डोळे.

"मला वाटायचं, मी एकटाच बघतोय," ते म्हणाले.

काकूंनी पेंढी माझ्या हातात दिली आणि त्यांना खेटून बसल्या. रंग अजून टिकून होता. तेवढ्यात शेजारच्या शेतातला त्यांचा भाऊबंद आपली पेंढी घेऊन बांधाशी आला. काकूंनी त्याला तिथंच अडवलं.

"भाऊजी, मातीचा रंग कोणता?"

"काळा की, वैनी."

काकूंनी त्याच्याकडं मोठ्या किवेनं पाहिलं.

"नीट बघा की," त्या म्हणाल्या.