नोंदीत नसलेलं झाड

शहराच्या ऐतिहासिक उद्यानात छायाचित्र काढण्याचा निर्णय आम्ही चार मित्रांनी, म्हणजे घड्याळजी, मास्तर, कंपाउंडर आणि मी, पूर्ण शुद्धीत घेतला होता, हे सुरुवातीलाच नमूद करतो. चाळीस वर्षांपूर्वी तिथल्या सर्वांत जुन्या झाडाखाली आमचा चौघांचा फोटो निघाला होता. घड्याळजी दुसऱ्या दिवशीच्या विमानाने लेकीकडे कायमचा चालला होता. जाताना त्याला तसाच एक फोटो हवा होता. तेच झाड, तेच चौघे, उभं राहण्याचा क्रमही तोच. बाकी त्याची काही मागणी नव्हती.

मास्तरांनी कॅमेरा स्टँडवर चढवला आणि शिट्टी वाजली.

"काका, मोबाइलने हवे तेवढे काढा," पहारेकरी म्हणाला. "स्टँड लावला की ते चित्रीकरण. ऑफिसातून परवानगी आणा."

"अहो, चार म्हाताऱ्यांचं कसलं आलंय चित्रीकरण?" कंपाउंडर उखडला.

"ते ऑफिस ठरवेल. माझ्याकडे फक्त शिट्टी आहे."

मोबाइल कुणाच्या हाती द्यावा, तर उद्यानातल्या प्रत्येकाचा हात स्वतःच्याच चेहऱ्यासमोर अडकलेला. गेलो ऑफिसात. अर्जात कलम होतं : ज्या स्थळाचे छायाचित्र काढावयाचे आहे, त्या स्थळाचे छायाचित्र जोडावे. कंपाउंडरने मोबाइलने झाड टिपलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं.

कारकूनबाईंनी नोंदवही उघडली. बोट वरून खाली गेलं, परत वर आलं.

"हे झाड नाहीये."

"ताई, तुमच्या खिडकीतून दिसतंय की!"

"दिसत असेल. सहा वर्षांपूर्वीच्या वादळात पडलंय. तोडून, उचलून, जागा साफ. साहेबांची सही आहे."

साहेब स्वतः बाहेर आले. भला माणूस. आम्हाला खुर्च्या दिल्या. त्यांनी फोटो पाहिला, खिडकीबाहेर पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"नोंद आणि वस्तुस्थिती यांत तफावत आढळते," ते गंभीरपणे म्हणाले. "ती आजच दूर करतो."

"म्हणजे नोंद सुधारणार?" घड्याळजीचा चेहरा उजळला.

"छे हो, आजोबा! नोंद जुनी आहे. तिला हात लावता येत नाही."

गळका नळ बदलायला ज्या खात्याला दोन उन्हाळे लागतात, त्याची करवत तासाभरात हजर झाली. आम्ही धावलो, झाडाखाली जुन्याच क्रमाने उभे राहिलो, हात वर करून ओरडू लागलो. अख्खं उद्यान गोळा झालं. शे-दोनशे मोबाइल आमच्यावर रोखले गेले.

"निघाला रे एकदाचा फोटो!" घड्याळजी पुटपुटला.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "काका, जरा बाजूला व्हा ना, मध्ये येताय!"

करवतीपुढे आम्ही हललो नव्हतो. पण आवाजात इतकं सौजन्य होतं की चौघेही सवयीने बाजूला झालो.

झाड पडतानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. खाली दुःखी संगीत, वर तुटलेलं हृदय. सुरुवातीचे आम्ही चौघे मात्र प्रत्येकाने कापून टाकलेले.

घड्याळजी परदेशातून रोज विचारतो, कुणाकडे तेवढा तुकडा शिल्लक आहे का. तुमच्या मोबाइलमध्ये बघता का जरा? गर्दीतला तो आवाज तुमच्यासारखाच वाटला होता.