झाकण न उघडण्याबाबत

वाटूरच्या मळ्यात त्या रविवारी कोंबडीचा रस्सा झाला. तथापि, असा कोणताही रस्सा झालेला नाही, असं कल्याणचं म्हणणं आहे. आणि बिचाऱ्याचं दुसरं काही राहिलं नसल्यामुळं निदान म्हणणं तरी राहू द्यावं.

तर, रस्सा झाला नाही. ठरलं होतं ते असं: सासरे सर्जेराव यांना अख्खी भाजलेली कोंबडी खाऊ घालायची. ती आवडली, की फाट्यावरची त्यांची मोकळी जागा कल्याणच्या भाजल्या कोंबडीच्या गाड्याला मिळणार. सर्जेराव पाहणी विभागातून निवृत्त झाले होते. त्यांनी पाहिलं नाही असं काम जिल्ह्यात नव्हतं, आणि पाहिल्यावर पुरं झालं असंही नव्हतं.

कल्याणनं कोंबडीचा कणा कात्रीनं कापून काढला आणि ती पुस्तकासारखी उघडून सपाट केली. कणा काढला की सगळीकडं सारखी आच लागते, हे सर्जेरावांना पूर्वानुभवानं लगेच पटलं. मग दही-तिखट चोळून ती छोट्या गॅस ग्रिलवर ठेवली आणि झाकण लावलं.

"मामा, आता झाकणाला हात लावायचा न्हाई. आतल्या गरमीवर शिजून राह्यलीय."

"बिलकुल न्हाई," म्हणत सर्जेरावांनी झाकण उघडलं. "शिजून राह्यलीय का, तेवढं बघितलं."

झाकणावरचा गरमी दाखवणारा काटा धपकन खाली आला. त्यामुळं उशीर झाला. उशीर का झाला, हे बघायला कल्याणचा चुलतभाऊ मच्छिंद्र यानं झाकण उघडलं. तेवढ्यात वासावर शेजारच्या शेतातला संपत आला. "तुमी दोघं घरचे," तो म्हणाला, "मंग तिऱ्हाइतानं बघाया नको का?"

कल्याण रडकुंडीला आला. "अरे, बघून बघूनच कच्ची राह्यली ती!"

"जावईबापू, आरोप गंभीर आहे," सर्जेराव म्हणाले. आरोपाची शहानिशा करण्यासाठी झाकण उघडण्यात आलं. कोंबडी खरोखरच कच्ची निघाली.

पुन्हा कोणी उघडू नये म्हणून मच्छिंद्रला पहाऱ्यावर बसवलं. पहारा नेमका कशावर आहे याची खात्री करायला तो मधूनमधून आत बघत होता. शेवटी ही उघडझाप टळावी म्हणून झाकण काढूनच ठेवायचं ठरलं. कारभार पारदर्शक झाला. वाऱ्यानं बर्नर विझला, पण सगळे कोंबडीकडं बघण्यात गुंतल्यामुळं ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

पलीकडं कल्याणची बायको दैवशाला चुलीवर भाकरी करत होती. ती उठली. "बघणं झालं असंल तर द्या इकडं."

कोंबडीचे तुकडे पडले, काळा मसाला पडला, पातेल्यावर पाण्याचं ताट बसलं. सर्जेरावांचा हात सवयीनं ताटाकडं गेला.

"आबा!" दैवशालानं उलथणं उगारलं.

हात परत जागेवर आला. पातेल्याची कोणीच तपासणी केली नाही, सबब ते शिजलं.

जे झालंच नाही ते सर्जेरावांनी बोटं चाटून खाल्लं आणि फाट्यावरची जागा लेकीच्या नावानं जाहीर केली. तिथं आता दैवशालाची खाणावळ जोरात आहे. कोपऱ्यात कल्याणच्या ग्रिललाही जागा मिळाली आहे. त्यावर पाटी आहे: 'आत कोंबडीच आहे. झाकण उघडू नये.' गिऱ्हाइकं ती पूर्ण वाचतात, मान डोलावतात, आणि कोंबडीच आहे ना, एवढं बघून घेतात.

आपणही कधी वाटूर फाट्यावर थांबालच. तरी पाटी वाचून झाल्यावर आपला उजवा हात खिशातच राहील, अशी उचित कार्यवाही आपल्या स्तरावरून व्हावी, ही नम्र विनंती.