एकशे दहावरचा काटा

रविवारी सकाळी आमच्या दळवीकाकांना कोणी "काका, काय चाललंय?" असं विचारलं, तर ते "एकशे दहा" एवढंच म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याचं बीपी असेल. आम्ही कोपरीतले जुने शेजारी. आम्हाला माहीत आहे, ते मटणाच्या भट्टीचं तापमान आहे.

काकांनी एका कारखान्यात तेहतीस वर्षं बॉयलर सांभाळला. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीचे कामगार युनियनच्या ऑफिसात गेले आणि काका भंगाराच्या ढिगाकडे. टेम्पोत घालून एक गंजकी टाकी घेऊन आले. काकूंनी कपाळावर हात मारला. पुढे कधीतरी काकांनी मोबाइलवर बघितलं, अमेरिकेत लोक तासन् तास धुरावर मांस शिजवतात. म्हणाले, "अरे, ही तर आपल्या बॉयलरची धाकटी बहीण!" मग महिनाभर मागच्या अंगणात वेल्डिंग. टाकी आडवी झाली. एका बाजूला आगीची पेटी, दुसऱ्या टोकाला चिमणी, मध्ये बोकडाची अख्खी मांडी. आगीने मटणाला शिवायचं नाही, नुसती धग आणि धूर आतून जाणार. पेटीला एक झडप. ती जरा उघडली की टाकीवरच्या तापमानाच्या गेजचा काटा चढतो, जरा मिटली की उतरतो. काकांचा अख्खा रविवार त्या झडपेवर जातो.

मी त्यांच्या बरोब्बर वर राहतो, म्हणजे धूर थेट आमच्या दोरीवरच्या कपड्यांत. सोमवारी ऑफिसात विचारतात, "काय रे, होमाला बसलेलास?" सुरुवातीला मी तावातावाने भांडायला खाली गेलेलो. पण भांडणार कोणाशी? काका वर बघतील तर ना! "थांब, आधी काटा काय म्हणतो बघू." काट्याचं ऐकून होईपर्यंत माझ्या हातात चहाचा कप असायचा, आणि चहा पिताना भांडता येत नाही.

धुराचाही त्यांना भारी अभ्यास. पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही, मटण कडू होणार. निळसर, दिसला न दिसला असा, तो खरा. दर अर्ध्या तासाला वहीत आकडा लिहायचा, ही बॉयलरवरची सवय. आणि मध्येच झाकण उघडणं म्हणजे महापाप. माझ्या बायकोने एकदा "शिजलं का बघू?" म्हटलं, तर म्हणाले, "सूनबाई, बाळ झोपलं का बघायला आपण त्याला उठवतो का?" कुकरमध्ये हेच अर्ध्या तासात होतं, हे तिने सांगून बघितलं. काका नुसते हसले.

काकू गेल्यावर मुलगा नितीन त्यांना न्यायला आलेला. तो घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहतो. म्हणाला, "बाबा, चला. पण हे धुराडं तिथे चालणार नाही." काका म्हणाले, "मग मीही चालणार नाही." बापाला झाकावं आणि लेकाला काढावं. त्यानंतर दोन वर्षं फक्त दिवाळीचा फोन.

आणि गेल्या महिन्यात नितीनचा आपणहून फोन आला. रविवारी येतो, एकटाच, एकला जेवायला.

काका दोन दिवस बाभळीची लाकडं निवडत होते. रविवारी सहाला आग, सातला मटण आत. नऊला ते आंघोळीला गेले आणि मला खुर्चीवर बसवून गेले. "नुसता काट्याकडे बघ. कशाला हात लावू नकोस."

मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. म्हटलं, एक फोटो काढू, आणि झाकण उघडलं. काटा सरसर सत्तरवर. घाबरून मी पेटीत दोन लाकडं कोंबली, तर पांढऱ्या धुराचे लोट. काका पंचा गुंडाळून बाहेर आले, धुराकडे बघितलं, लाकडं ओढून काढली. चाळीस वर्षांचा घोडा मी, साधं "चुकलो" म्हणवलं नाही.

नितीन बरोब्बर एकला आला. मटण कच्चं. "बस, अर्धा तास," काका म्हणाले. मी गॅलरीतून बघत होतो. दोघं खुर्च्या टाकून बसलेले. नितीनने झडप फिरवून बघितली, काकांनी काहीतरी सांगितलं, दोघंही हसले. दोन वाजले. अडीच वाजता नितीनच्या बायकोचा फोन आला. मुलीला क्लासला सोडायचं होतं.

"निघतो बाबा, घोडबंदरला ट्रॅफिक लागेल."

"अर्धा तास थांब."

"दीड तास तुम्ही अर्धा तासच म्हणताय," तो म्हणाला आणि उपाशीच गेला.

मांडी साडेचारला झाली. काकांनी ती सगळी आमच्याकडे पाठवली.

आठवडाभर ते झाकण मला खात होतं. पुढच्या रविवारी खाली गेलो. टाकी गार होती, काका शेजारी नुसते बसलेले.

"काका, त्या दिवशी झाकण मी उघडलेलं. माझ्यामुळे नितीन उपाशी गेला."

"माहीत आहे. धुरावरूनच कळलं. पण झाकण उघडल्याने अर्धा तास जातो रे. पुढचे तीन तास माझे."

"तुमचे कसे?" मी विचारलं.

"दहाला काटा परत एकशे दहावर आलेला. मग मीच झडप मिटली. नव्वदच्या वर जाऊ दिला नाही." काका टाकीकडे बघत बोलत होते. "एकला जेवला असता, तर दोनला हात धुऊन निघाला असता. म्हटलं, मटण व्हायचंय म्हणून तरी बसेल. बसलाही. पण पोराला उपाशी पाठवलं मी."

मी म्हटलं, "फोन करा ना त्याला. हेच सांगा, तू बसावंस असं वाटत होतं म्हणून."

काकांनी मान हलवली. "एवढं बोलता आलं असतं, तर झडप कशाला मिटली असती?"