कंठाजीचे ठाणे फुगले त्याची हकीकत

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. देहशक बेचाळीस, माघ शुद्ध पंचमीचे सुमारास या मुलखी जे वर्तले, ते जैसे ऐकिले तैसे लिहिले असे.

छातीचे किल्ल्यावर रायाजी धडधडे सरदार. जन्मापासोन क्षणाची रजा नाही, आणि त्याचा त्यांस भारी ताठा. आणि गळ्याचे घाटीत थायरॉईड म्हणती ते इवलेसे ठाणे, तेथे कंठाजी ठाणेदार बैसोन हार्मोनचे खलिते मुलूखभर धाडी, आणि ते पावले म्हणजे घरोघर चुली पेटत, ऊब राहे, केस वाढत. खलिते उणे पडले की मस्तकींचे कारभारी शिरोपंत कंठाजीकडे ताकिदीचे स्वार पाठवीत, आणि पुरे जाहले की स्वार आवरीत. हेच स्वार रायाजींचे डोळ्यांत खुपत. "आम्ही रात्रंदिवस राबावे, आणि पंतांची माणसे त्या फुलपाखराएवढ्याच्या दारी! आम्हांस कुत्रे विचारीत नाही!" ऐसे बोलोन अंगाचा तिळपापड करून घेत. मग त्यांनी मुखदरवाजाची जिव्हाआक्का गाठली. बाजारी मिठासंगे, मासळीसंगे आयोडीन येते आणि त्यावाचून कंठाजीस खलिता लिहवत नाही, हे त्यांस पक्के ठाऊक. म्हणाले, "आक्का, हे बाजारी मीठ तुम्हांस शोभते काय? उपासाचे सैंधव तेवढे आत घ्यावे. मासळीही नको." आक्का भोळी, भुलली, आणि आयोडीन वेशीबाहेर राहिले.

मासांमागोन मास गेले. खलिते आटले, आणि शिरोपंतांनी घाबरोन दहाचे शंभर स्वार सोडिले, आणि कंठाजी सामान नसता माणसे वाढवी, कोठ्या वाढवी, आणि ठाणे फुगोन गळ्याबाहेर दिसो लागले. रायाजींनी पाहिले मात्र, जळोन कोळसा जाहले. "बघा लेकाचा थाट! रसद तोडली तरी माड्या चढवितो!" सूज ती त्यांस श्रीमंती दिसली, काय म्हणावे! आणि इकडे मुलखी थंडी शिरली, कातडे कोरडे पडले, आतड्यांचा कारभार तुंबला, आणि एके दुपारी खुद्द रायाजींचे ठोके मंदावले. तेव्हा उमगले की आपणही त्याच खलित्यांवर चालत होतो. गाळणच उडाली.

मग आक्कांचे पाय धरिले. "चूक माझी. जुने मीठ आणा, नाही तर मी गेलो, आणि मजमागे तुम्ही!" मीठ आले, आणि कंठाजीने पहिला खलिता छातीचे किल्ल्यावर धाडिला: "रायाजीदादा, आपण थांबल्यास सारेच थांबेल, म्हणोन आधी आपणांस." रायाजींनी वाचिला, डोळे भरले, ठोका सावरला, आणि डोळे पुसत पुटपुटले, "हा मोठेपणाही लेकाने मजकडून हिसकावला!"

एवंच मुलूख वाचला, ठाण्याची सूज हळूहळू पुष्कळ उतरली, रायाजींची पोटदुखी तेवढी राहिली. वर्तमान इतुकेच असे.