किल्लीचा खर्च

जुनी गाडी कधीच महाग नसते. महाग असतं ते तिचं चालणं. हा सिद्धान्त अभिलेख विभागातल्या हेडक्लार्कसाहेबांना गाडी घेतल्यावर अकराव्या दिवशी, गॅरेजच्या बाकावर बसल्या बसल्या सुचला.

"वेळेवर ऑइल बदला, टायरमध्ये हवा नीट ठेवा," मेकॅनिक म्हणाला. "दहा वर्षं बघायला नको."

"आणि नाही बदललं तर?"

"तर मला दहा वर्षं बघायला नको."

घरी येऊन साहेबांनी परिपत्रक काढलं. एसी ही शोभेची वस्तू ठरली. उघड्या काचांनी वारा अडतो आणि पेट्रोल जास्त जातं, म्हणून काचाही बंद. (उकाड्याच्या तक्रारी लेखी स्वरूपात.) ब्रेक दाबला की झिजतो, तेव्हा थांबायचं असल्यास अर्धा किलोमीटर आधीपासून मनाची तयारी करावी. वजन वाढलं की खर्च वाढतो. सबब स्टेपनी माळ्यावर गेली आणि सासूबाई बसनं गेल्या.

पुढील अभ्यासाअंती असं आढळून आलं, की गाडीतला सर्वांत खर्चिक भाग इंजिन नसून किल्ली आहे. किल्ली तांदळाच्या डब्यात गेली. त्या तिमाहीत खर्च शून्यावर आला. असा आकडा मोटार कंपन्यांनाही जमलेला नाही. रविवारी सगळं कुटुंब कव्हर काढून गाडीत तासभर बसे. (समाधान एकाहत्तर टक्के, उरलेले एकोणतीस टक्के म्हणजे बायको.)

मग मुलीच्या नोकरीची मुलाखत आली. पलीकडच्या गावात, सकाळी दहाला. बस चुकली.

"बाबा, गाडी काढा ना," ती म्हणाली. अंगावर इस्त्रीचा ड्रेस, हातात फाइल.

साहेबांनी किल्ली काढली, तांदूळ झटकले, फिरवली. गाडी एकदा खाकरली आणि गप्प झाली. बॅटरी उतरलेली, दोन टायर बसलेले, आणि वायरी उंदरांनी संपवलेल्या.

"अहो, गाडी वाचवायची होती की हिची नोकरी?" बायको एवढंच बोलली.

मुलगी शेवटी दूधवाल्याच्या मोटारसायकलवर, दोन कॅनच्या मधे बसून गेली. ती वळणाआड होईपर्यंत साहेब फाटकात उभे होते. छातीत काहीतरी सुरू व्हायला बघत होतं नि होत नव्हतं.

नोकरी मिळाली. (ड्रेसला दुधाचा वास येत होता, याची मुलाखतीत नोंद झाली नाही.) साहेबांनी गाडी दुरुस्त करून घेतली. खर्च शून्यावर राखायला किती रुपये लागले, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मेकॅनिकनं मात्र दुकानाला नवा रंग दिला. आता मुलगी रोज गाडी नेते, काचा उघड्या टाकून. साहेब बाजूला बसतात आणि ब्रेकच्या वेळी डोळे मिटतात.

आपण हसलात, योग्यच केलंत. फक्त तुमच्या काचेच्या कपाटातला तो सोनेरी काठाचा कपांचा सेट पाहुण्यांसाठी राखलाय म्हणता, तर गेली बारा वर्षं ज्यांना कान तुटलेल्या कपातून चहा दिलात ते कोण होते, एवढं सवडीनं कळवा.